फुकट विजेचं यंत्र तपासायला निघालात?

पहिलीच वेळ आहे, म्हणून मोजकंच सांगतो. एन्ट्रॉपी वगैरे भौतिकशास्त्रातल्या अवघड गोष्टी नंतर बघू.

आधी जुनी सायकल आठवा. डायनॅमो चाकाला टेकवला की दिवा लागायचा आणि त्याच क्षणी पेडल जड व्हायचं. मोटर अल्टरनेटर (डायनॅमोसारखंच, फिरवलं की वीज देणारं यंत्र) फिरवते आणि तोच मोटरला वीज पुरवतो, असं सांगणारं प्रत्येक यंत्र इथेच अडकतं. दिवे जोडले की अल्टरनेटर जड होतो. शिवाय घर्षणात थोडी ऊर्जा जातेच. पाण्यावर चालणाऱ्या गाडीचंही तेच. पाण्यातून हायड्रोजन काढायला लागते त्याहून जास्त ऊर्जा तो जाळून कधीच मिळत नाही. अमेरिकेत स्टॅनली मेयर यांनी अशा गाडीचा दावा केला होता. १९९६ साली ओहायोतल्या न्यायालयाने ती फसवणूक ठरवली.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- व्हिडिओ थांबवून लपवलेली वायर शोधत बसतात. सापडली नाही की गप्प होतात.
- व्होल्ट मोजून समाधान मानतात. आत किती वॅट गेले, बाहेर किती आले आणि किती तास, हे मोजा.
- समोरच्याला तोंडावर लबाड म्हणतात. हे अजिबात नको. मला भेटलेल्या बऱ्याच जणांनी स्वतःचे पैसे आणि रात्री घालून, मनापासून यंत्र बांधलं होतं.

भेटीत एकच विनंती करा: बॅटरी काढून ठेवा, शंभर वॅटचा बल्ब जोडा, खोलीला कुलूप लावा, परवा सकाळी उघडू.