स्वस्त कॅमेऱ्यासाठी मी अडीच वर्षं थांबलो होतो, त्यामुळं हे उत्तर

तुम्ही विचारलंय की मंगळवेढ्याकडं लग्नाच्या ऑर्डरी करता, सध्या हँडीकॅम आहे, आता लेन्स बदलता येणारा आणि एचडी व्हिडिओ चांगला काढणारा कॅमेरा साठ-सत्तर हजारात बसवायचाय, पण यूट्यूबवाले नवीन मॉडेल येणार येणार म्हणून सांगतायत, तर थांबू का घेऊन टाकू. मी सोलापुरात हेच काम बरीच वर्षं करतोय, आणि थांबणे या विषयात माझा हात कोणी धरणार नाही.

२००८ ची गोष्ट. माझ्याकडं सोनीचा पीडी१७० होता, टेपवाला. तक्रार करावी असं त्या कॅमेऱ्यात काही नव्हतं, अंधारात पण मस्त चालायचा, हॅलोजनवाल्या पोराला दारात उभं केलं तरी भागायचं. पण चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, आणि लोकांच्या घरात तोवर एलसीडी टीव्ही यायला लागले होते. चार इंची बदामात नवरा-नवरी बसवून मिक्सिंग केलेली डीव्हीडी त्या टीव्हीवर लावली की नवरीच्या बापाचा चेहरा पडायचा. दुसरं म्हणजे मागचं सगळं स्पष्ट दिसायचं. नवरी पुढं, आणि मागं प्लास्टिकच्या खुर्चीत बसून जिलेबी खाणारे पाहुणे तितकेच ठळक. कारण त्याचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) पाच मिलिमीटर पण रुंद नव्हता, आणि सेन्सर जेवढा लहान तेवढं मागचं जास्त स्पष्ट येतं, आणि लेन्स पुढं चिकटवलेली, ती काढायची सोयच नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या रेड कंपनीनं स्कार्लेट नावाचा कॅमेरा जाहीर केला, ३के रिझोल्यूशन (आडवे तीनेक हजार ठिपके) आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत. आधी त्याला पण फिक्स लेन्स होती, मग नोव्हेंबरमध्ये त्यांनी सगळा प्लॅनच बदलला आणि लेन्स बदलता येणारे प्रकार दाखवले. मी नवी पेठेतल्या सायबर कॅफेत वीस रुपये तास देऊन ते फोटो बघत बसायचो. मित्र रोज विचारायचे, "कधी येलालाय बे तुझा कॅमेरा?" मी म्हणायचो पुढच्या वर्षी. तो प्रत्यक्षात आला २०११ च्या नोव्हेंबरमध्ये, स्कार्लेट-एक्स म्हणून, आणि किंमत जवळपास दहा हजार डॉलर. दहा हजार डॉलर ओ, तेवढ्यात त्या वेळी अक्कलकोट रोडला प्लॉटचा विसार झाला असता.

आणि गंमत अशी की मी त्या दिशेला बघत बसलो आणि स्वस्त कॅमेरा भलत्याच दारातनं आला. २००८ च्या ऑगस्टमध्ये निकॉननं डी९० काढला, फोटोचाच कॅमेरा, पण व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा), ७२०पी म्हणजे फुल एचडीच्या खालचं, सलग पाचच मिनिटं, आवाज मोनो. पुढच्याच महिन्यात कॅननचा ५डी मार्क टू, फुल एचडी पण सुरुवातीला फक्त सेकंदाला ३० फ्रेमला, म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटखाली जपून चालवावा लागणार, नाहीतर चित्र लपलपतं. २५ फ्रेमचा अपडेट २०१० च्या मार्चमध्ये आला. ५००डी आला तर त्याला फुल एचडीला २० फ्रेम, वरातीतला नाच बघा कसा दिसेल. मी प्रत्येक वेळी काहीतरी खोट काढून थांबलो. या थांबण्यात दोन लग्नसराया गेल्या आणि माझ्यानंतर धंद्यात आलेल्या एका पोरानं माझ्या तीन ठरलेल्या ऑर्डरी उचलल्या, कारण त्याच्या अल्बमवाल्या मामाकडं ५डी होता.

फेब्रुवारी २०१० मध्ये कॅननचा ५५०डी जाहीर झाला, १०८०पी म्हणजे फुल एचडी, २५ फ्रेम, मॅन्युअल एक्सपोजर, माइकचं भोक, अमेरिकेत नुसती बॉडी (लेन्स सोडून) ८०० डॉलरला. तरी मी ऑक्टोबरपर्यंत घुटमळलोच. शेवटी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबई, सकाळी स्टेशनवरनं चालत बोरा बाजार, दुकानं उघडायच्या आधीच दारात. काकांच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतली निकॉनची जुनी ५० एमएम लेन्स घरात पडून होती, ती मधे अडॅप्टर रिंग लावून कॅननवर बसते (निकॉनच्या माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅननचं ४४, म्हणून मधे रिंगेला जागा मिळते, उलटं जमत नाही). तिनं पहिल्याच हळदीला जे चित्र दिलं ना, जिलेबीवाले पाहुणे गायब, नुसता पिवळा धूर.

मग खोड्या कळायला लागल्या. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला कॅमेरा घेऊन गेलो, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज (उंच सरळ काठ्या), सगळं डोळ्यात मावत नाही असं. मी सवयीनं पीडी१७० सारखा झर्रकन कॅमेरा फिरवला आणि घरी येऊन बघतो तर सरळसोट नंदीध्वज तिरका पडलाय, वाकल्यासारखा. या कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र वरनं खाली ओळीओळीनं वाचतो, खालची ओळ वाचेपर्यंत कॅमेरा पुढं सरकलेला असतो. पीडी१७० मधला जुना सीसीडी सेन्सर सगळं एकदम टिपायचा, त्यामुळं हे माहीतच नव्हतं. दुसरी खोडी इरकल साडीची. बारीक रेघांचा पदर आला की त्यावर रंगीत लाटा नाचायच्या. १८ मेगापिक्सेलचा सेन्सर, व्हिडिओला लागतात दोन, मग तो मधल्या ओळी सरळ गाळतो आणि बारीक विणकामाचा गोंधळ होतो. कापडाच्या गावात हे म्हणजे कहरच.

आणि तिसरी मी कधी विसरणार नाही. फाइल ४ जीबीची झाली की रेकॉर्डिंग बंद, म्हणजे फुल एचडीला साधारण १२ मिनिटं. एका लग्नात मुलीच्या मामांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं सोडायलाच तयार नाहीत, आठ झाली तरी चालूच, आणि नेमकं शेवटच्या सावधानला माझा कॅमेरा गप्प. अक्षता पडतानाचं शूटिंगच नाही. जुना पीडी१७० मागं ट्रायपॉडवर चालू ठेवला होता म्हणून वाचलो, एडिटिंगला मधेच चित्र मळकट झालं ते मी जुन्या आठवणींचा इफेक्ट म्हणून खपवलं.

आता तुमचं. एचडी हा विषय राहिलेलाच नाही, तुमच्या बजेटच्या आसपास सगळ्यांना ४के आहे. सोनी झेडव्ही-ई१० ला रेकॉर्डिंगची वेळमर्यादा नाही आणि हेडफोन लावता येतो, पण बॅटरी छोटी आणि ४के मध्ये झर्रकन फिरवलं की तोच वाकडा नंदीध्वज. निकॉन झेड३० सलग १२५ मिनिटांपर्यंत चालतो, हेडफोन नाही. कॅनन आर५० चा ऑटोफोकस झकास, सलग तासभर, हेडफोन त्यालाही नाही. फारच ओढाताण असेल तर सेकंडहँड २००डी मार्क टू घ्या, फुल एचडीला त्याचा फोकस अजून भरवशाचा आहे, फक्त २९ मिनिटं ५९ सेकंदाला थांबतो (तीस मिनिटांच्या वर गेला की युरोपात व्हिडिओ कॅमेरा म्हणून जास्त कर लागायचा, त्यापायी आपण भोगतोय). मी तुमच्या जागी असतो तर सोनी घेतला असता, केवळ हेडफोनसाठी, कारण भटजींचा आवाज फाटलेला घरी येऊन कळला तर काही उपाय नसतो.

थांबू नका. पण सगळे पैसे बॉडीत पण घालू नका, किट लेन्सवर (कॅमेऱ्यासोबत मिळते ती) अंधाऱ्या कार्यालयात काही खरं नाही, एक १.८ ची, जास्त उजेड आत घेणारी लेन्स आणि बरा माइक त्यातच बसवा, त्यासाठी बॉडी जुनी घ्यावी लागली तरी चालेल. हँडीकॅम विकू नका, मंगलाष्टकांना मागं उभा करा. आणि घ्यायच्या आधी एक दिवस भाड्यानं घेऊन मे महिन्यातल्या पत्र्याच्या मांडवात साडेबाराची अक्षता काढून बघा, आपल्याकडं ४२-४३ डिग्रीला कुठला कॅमेरा तापून बंद पडतो ते कुठलाच यूट्यूबवाला सांगत नाही. तुमच्याकडं कोणाच्या जुन्या स्टुडिओत लेन्स पडून असतील तर त्यावरचं नाव टाका इथं, कुठली रिंग लागेल ते सांगतो.