चार मेल गेले, उत्तर एकही नाही

पत्र, थोडं कापून: "ताई, मी चिपळूणची, वय ३६. बाजारपेठेत आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. २०२१ च्या पुरानंतर ब्लॉग लिहायला लागले, आत्तापर्यंत नव्वदेक पोस्ट झाल्या. वाचणारे तीस-चाळीस, त्यातले निम्मे नात्यातले. दीड वर्षात एका मोठ्या न्यूज पोर्टलला चार मेल केले, एकाचंही उत्तर नाही. मिस्टर म्हणतात छंद आहे तर छंदासारखा कर. गणपतीत सगळे जमले होते तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, चांगलं असतं तर घेतलं नसतं का त्यांनी? त्या दिवसापासून एक ओळ लिहिली नाही. ताई, खरं सांगा, माझ्या लिखाणात दम नाही का? बंद करू का? चारही मेल खाली जोडलेत, ब्लॉगची लिंकपण आहे."

अगं, बंद कशाला करतेस!

तुझा ब्लॉग मी काल रात्री उघडला, म्हटलं दोन-चार पोस्ट बघू आणि झोपू, आणि घड्याळ बघितलं तेव्हा दीड वाजला होता. २२ जुलैच्या पुराची ती पोस्ट वाचली, वह्यांची. कोविडमुळे शाळा बंद म्हणून दोन वर्षांचा न विकलेला माल दुकानात तसाच पडलेला, त्यात वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं आणि वह्या भिजून इतक्या फुगल्या की रॅकमधून निघेचनात, शेवटी पहार लावून काढाव्या लागल्या. हे मी कुठल्याही बातमीत वाचलं नव्हतं, आणि एवढ्या लांब बसून मला तो पहारीचा आवाज ऐकू आला. त्यामुळे दम आहे का हा प्रश्न सोडून दे.

आता तुझे चार मेल. मी स्वतः काही वर्षं एका पोर्टलच्या डेस्कवर बसून आलेले लेख वाचलेत, म्हणून हे सांगू शकते. तुझ्या चारही मेलमध्ये साधारण एकच मजकूर आहे: मी अनेक विषयांवर लिहिते, ब्लॉगची लिंक देत आहे, आवडल्यास प्रसिद्ध करावे. अगं, म्हणजे त्या डेस्कवरच्या माणसानं नव्वद पोस्टमधून स्वतः निवडायचं, मग तुला विचारायचं, मग कापायचं? त्याच्याकडे त्याच सकाळी पन्नास मेल आलेले असतात, वर बातम्या सुरू, वर साहेबांचा फोन. तो लिंक उघडतच नाही. तुझं लिखाण त्यांनी नाकारलेलं नाहीये, ते तिथं कुणी वाचलेलंच नाहीये, आणि या दोन गोष्टींत खूप फरक आहे. जाऊबाईंच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच आहे.

पण मला वाटतं तुझं मन तिथंच अडकलंय. पत्र तीनदा वाचलं, त्यात लेखाबद्दल एक ओळ आहे आणि घरच्यांबद्दल सहा. तुला लेख छापून आणायचाय की जाऊबाईंना उत्तर द्यायचंय, हे एकदा स्वतःशी ठरव गं. दुसरं हवं असेल तर कुठलाच संपादक ते देऊ शकणार नाही, कारण उद्या लेख आला तरी घरात कुणीतरी म्हणणारच की पैसे किती मिळाले. आणि मिस्टरांवर फार चिडू नको. ज्या माणसानं स्वतःच्या हातानं दुकानातला चिखल उपसलाय त्याला त्या दिवसाबद्दल परत परत वाचणं जड जात असेल, त्याला ते छंद म्हणणं सोपं पडतं. एकदा ती वह्यांची पोस्ट त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. मोबाईल हातात देऊ नको, शेजारी बसून वाच.

बरं, आता कामाचं. तुला थोडं टोचेल असं आधी सांगते, चालेल ना? तुझ्या निम्म्या पोस्ट कुणीही लिहू शकेल अशा आहेत. पाऊस म्हटला की आठवणी, आई म्हटलं की माया, दिवाळीचा फराळ, हे वाईट नाहीये पण असं डेस्कवर रोज येतं. आणि चांगल्या पोस्टमध्येसुद्धा तू फार उशिरा मुद्द्यावर येतेस. पहार येते सातव्या परिच्छेदात, त्याआधी ढग दाटून आलेत, मन भरून आलंय, चहा झालाय. पहारीनं सुरू कर. पहिल्या चार ओळींत वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की हे फक्त हीच बाई सांगू शकते.

आणि तुझ्याकडे सांगण्यासारखं किती आहे बघ. २००५ च्या २६ जुलैला पाणी आलं तेव्हा तू कॉलेजात होतीस, २०२१ ला दुकानाची मालकीण, म्हणजे दोन पूर दोन वयांत बघितलेस. पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या लाल आणि निळ्या पूररेषेवरून गावात काय काय झालं, वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून लोक कसे आंदोलनाला बसले, हे बातम्यांत येऊन गेलं. पण पूररेषेच्या आत दुकान असलेली बाई जूनमध्ये माल भरताना काय विचार करते, खालच्या दोन फळ्या रिकाम्या ठेवते का, माळ्यावर आधी काय चढवते, विम्याचा फॉर्म भरताना काय विचारतात, रात्री पाऊस वाढला की शटर उघडून बघायला कोण जातं? हे कुणी लिहिलं नाहीये. तूही अजून नीट लिहिलेलं नाहीस, वेगवेगळ्या पोस्टमध्ये दोन-दोन ओळी टाकून पुढे गेलीयेस. त्या सगळ्या गोळा कर, त्याचा एक लेख कर, ८०० ते १००० शब्दांचा, आणि तो ब्लॉगवर टाकू नको. आधी प्रसिद्ध झालेलं बरेच संपादक घेत नाहीत, ब्लॉगसुद्धा त्यांच्या हिशेबात प्रसिद्धच असतो. जुन्या पोस्टवरून नव्यानं लिहिलंयस तर मेलमध्ये तसं सांगून टाक, लपवायचं काही कारण नाही.

मेलचं म्हणशील तर विषयाच्या जागी असं लिही: "लेख: पूररेषेच्या आतलं दुकान, ९०० शब्द, २२ जुलैसाठी". खाली तीन-चार वाक्यं, मी कोण, लेखात काय आहे, आत्ताच का. मग पूर्ण लेख तिथंच मेलमध्ये पेस्ट कर, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर टाईप होतं त्या मराठीत, आणि वर्डची फाईलपण जोड. पीडीएफ नको, वहीचा फोटो तर अजिबात नको, कारण परत टाईप करायला तिथं कुणाला वेळ नसतो. दुकानाचे स्वतः काढलेले दोन फोटो असतील तर द्यायचे, नेटवरून उचललेले नाही. आणि वेळ फार महत्त्वाची, पुराच्या वर्षदिनाचा लेख २० जुलैला पाठवून उपयोग नाही, तोपर्यंत त्यांचं ठरलेलं असतं, जूनच्या शेवटी गेला पाहिजे. दिवाळी अंकांचं तर याहून लवकर, पावसाळ्यातच बोलणं झालेलं बरं.

पाठवण्याआधी एक काम कर जे शंभरातले नव्वद लोक करत नाहीत. जिथं पाठवायचंय तिथले वीस लेख वाच. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं पारी हे पोर्टल मराठीतही आहे, ते गावाकडच्या माणसांच्या जगण्याचं आणि कामाचं रिपोर्टिंग आहे, तिथं तुझ्या आठवणींपेक्षा बाजारपेठेतला हमाल आणि भाजीवाली जास्त महत्त्वाची. साधना साप्ताहिक १९४८ पासून चालू आहे, त्यांचं कर्तव्य साधना नावाचं पोर्टल आहे, तिथला सूर वेगळा, निवांत. मोठ्या वर्तमानपत्रांच्या वेबसाईटवर परत तिसराच. एकच लेख सगळीकडे ढकलायचा नाही, आणि एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा. दोन आठवडे थांब, मग एक ओळीची आठवण, आणखी आठवडा गेला की "हा लेख मी आता दुसरीकडे देत आहे" असं कळवायचं आणि मोकळं व्हायचं. तू दीड वर्ष एकाच दारात उभी राहिलीस गं, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मोठ्या नावाबद्दलपण एक सांगते. हफिंग्टन पोस्ट हे अमेरिकेतलं न्यूज पोर्टल २००५ साली सुरू झालं, हजारो लोकांनी तिथं फुकट ब्लॉग लिहिले, तिथं नाव दिसणं म्हणजे मोठी गोष्ट होती. २०११ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीनं ती साईट ३१.५ कोटी डॉलरला घेतली, तेव्हा काही ब्लॉगर आमचाही वाटा द्या म्हणून कोर्टात गेले आणि २०१२ मध्ये तो दावा फेटाळला गेला, कारण फुकट लिहिणार हे त्यांनी आधीच मान्य केलेलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेत बाहेरच्या ब्लॉगर्सची ती सोयच बंद केली, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये भारतातली आवृत्तीही बंद झाली. म्हणून लेख घेतला की आनंदाच्या भरात सगळ्याला हो म्हणू नको. मानधन आहे का, किती, कधी, हे आधी विचार, विचारण्यात लाज कसली, तू दुकानात पेन फुकट देतेस का? आपल्या कायद्यात लेखाची मालकी लिहिणाऱ्याकडेच असते आणि सही करून लिहून दिल्याशिवाय ती दुसऱ्याकडे जात नाही, त्यामुळे सहीसाठी काही कागद आला तर शेवटपर्यंत वाच. छापून आलेल्याची कॉपी स्वतःकडे ठेव, आणि ब्लॉग चालू ठेव, तुझं सगळं लिखाण एकत्र असलेली तीच एक जागा आहे.

नकार आला तर? येईल, दोन-तीन तर येतीलच. "विषय चांगला पण आत्ता जागा नाही" असं उत्तर आलं तर ते खरं मानायचं आणि पुढचा लेख त्याच माणसाला नावानिशी पाठवायचा, कारण आता तो तुला ओळखतो. लांबी कमी करा म्हणाला तर त्याच दिवशी करून द्यायची. पहिला लेख येईपर्यंत तुला सहा महिनेही लागतील, आणि तेवढे लागू देत.

या आठवड्यात फक्त ते माळ्याचं आणि फळ्यांचं लिहून काढ, जसं मला बोलून सांगशील तसं. शुद्धलेखन नंतर बघू, ओळखीच्या एखाद्या मराठीच्या बाईंना दाखव, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत तुझ्या पण त्या अर्ध्या तासाचं काम आहे. आणि मेलच्या शेवटी पूर्ण नाव, गाव आणि फोन नंबर टाक. चारही मेल परत बघितले मी, एकातही नंबर नाहीये.

तुझी,
ताई