सवड त्यांची, घाई तुझी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमात प्रत्येकाला आपापल्या गतीने शिकू द्यायचं तू ठरवलंस, हे उत्तम झालं. ‘सगळे मागेपुढे झाले तर सांभाळू कसं?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण मागेपुढे ते वर्गातही असतातच. तिथे सगळ्यांना एकाच तासाला बसवतो, म्हणून डोळ्यांवर येत नाही इतकंच.

जॉन कॅरोल या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये म्हटलं, की एखाद्या विषयातली कुवत म्हणजे तो विषय शिकायला त्या माणसाला लागणारा वेळ. सगळ्यांना सारखाच वेळ दिला, तर निकाल वेगवेगळे लागणारच. पुढे १९६८ मध्ये फ्रेड केलर या मानसशास्त्रज्ञाने शिकवण्याची आपली पद्धत मांडली. अभ्यासक्रमाचे छोटे घटक, प्रत्येक घटकाची चाचणी, ती जमेपर्यंत पुन्हा देण्याची मुभा आणि घटक पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही. हा सांगाडा तू खुशाल घे. त्यात एकच खोड आहे, चालढकल. उद्या करू म्हणत शेवटी घटकांचा ढीग साचतो.

म्हणून मुदत हवीच, पण ती विद्यार्थ्यालाच ठरवू दे. तारीख त्याची, आठवण करून देणं तुझं. चुकली तर दंड नको, नवी तारीख माग. पहिल्या स्वाध्यायापुरतं मात्र कडक राहा. तो आला नाही, तर पुढचे क्वचितच येतात, असं मी पाहत आलोय.

खरी पारख लागते ती हळू जाणारा कोण आणि अडकलेला कोण, हे ओळखायला. दुरून दोघे सारखेच दिसतात. ‘अभ्यास कसा चाललाय?’ असं विचारलंस तर दोघेही ‘चाललाय’ म्हणतील. त्यापेक्षा ‘शेवटचं कुठलं उदाहरण सोडवलंस? अर्धवट असलं तरी पाठव,’ असं लिही. हळू जाणारा काहीतरी पाठवतो. अडकलेला गप्प राहतो किंवा तब्येतीचं, कामाचं कारण सांगतो (ते खरंही असू शकतं, शंका घेऊ नकोस). अशा वेळी पुढचा धडा न पाठवता मागच्या घटकातला सोपा प्रश्न दे. बहुतेकदा गाठ तिथेच असते.

भराभर पुढे पळणाऱ्यांची फार काळजी नको. प्रत्येक चाचणीत मागचे दोन-तीन प्रश्न घाल, पाया कच्चा असेल तर कळेल.

आता तुझ्याबद्दल. सवड विद्यार्थ्याला आहे, तुला नाही. इंग्लंडमधल्या आयझॅक पिटमन या शिक्षकाने १८४० मध्ये टपालाने शॉर्टहँड शिकवायला घेतलं. नुसते धडे धाडून तो थांबला नाही, विद्यार्थ्यांनी लिहून पाठवलेलं तपासून परत करायचा. दूरशिक्षणाचा जीव त्या परतीच्या टपालात आहे. तीन आठवड्यांनी शेरा मिळाला, तर आपण काय लिहिलं होतं हेच विद्यार्थी विसरलेला असतो. मग गती त्याची राहत नाही, तुझी होते. तेव्हा दोन-तीन दिवसांत तपासून होतील, इतकेच विद्यार्थी पहिल्या तुकडीत घे. संस्था जास्त घ्यायला सांगेल, तर तपासणीला जोडीदार माग.

घटकांचा आराखडा झाला की पाठव. सोबत पहिल्या दोन चाचण्याही जोड.

कळावे.