कॅलिफोर्नियात भावावर बलात्काराची केस झाली आहे. ‘तिची संमती आहे असं वाटलं’ हा बचाव चालतो का?

चालतो, पण नुसतं ‘मला वाटलं’ म्हणून भागत नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या मेबेरी खटल्यात हा बचाव मान्य केला. अट अशी, की समज प्रामाणिक हवा आणि त्या परिस्थितीत कुणाही समंजस माणसाचा तसा समज होण्याजोगा हवा. १९९२ च्या विल्यम्स निकालाने ही वाट आणखी अरुंद केली: तिच्या वागण्यातच गैरसमज व्हावा असं काही होतं, याचा ठोस पुरावा असेल तरच न्यायाधीश हा मुद्दा ज्युरीपुढे ठेवतात. ‘आम्ही डेट करत होतो’ एवढ्यावर संमती सिद्ध होत नाही, हे तिथल्या दंडसंहितेच्या कलम २६१.६ मध्येच लिहिलंय. तिचे जुने संबंध उकरून काढणं तर सहसा चालतच नाही. आणि हो, ‘असं का वागलास?’ म्हणून तिचा फोन आला तर भावाने बोलत बसू नये. पोलीसच असा कॉल करवून रेकॉर्ड करतात आणि तिथे ते कायदेशीर आहे. आधी क्रिमिनल वकील गाठा. हे सगळं कॅलिफोर्नियापुरतंच. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने हाच बचाव २००१ मध्ये फेटाळला होता.