वाचकांचे प्रश्न : वायरमनसाठी चामड्याचा पट्टा

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला घरांच्या वायरिंगची कामे करतो. हत्यारे अडकवण्यासाठी मागवलेला तयार पट्टा चार महिन्यांत उसवला. खिशाची तळाची शिवण गेली आणि घोडीवर उभा असताना स्क्रू ड्रायव्हर निसटून गिऱ्हाइकाच्या नव्या फरशीवर पडला. आता ओळखीच्या चप्पल कारागिराकडून चामड्याचा पट्टा करून घ्यायचा आहे. त्यांनी असा पट्टा पूर्वी केलेला नाही. त्यांना काय सांगावे?

उत्तर : मोबाइलमधला फोटो दाखवू नका, आपली हत्यारे घेऊन जा. फोटोतला पट्टा दुसऱ्याच्या कामासाठी बेतलेला असतो. त्याआधी घरी जाड पुठ्ठा आणि जुन्या गोणपाटाचे खिसे करून ते आपल्या नेहमीच्या कंबरपट्ट्यावर टाचा आणि दोन दिवस त्यावर काम करा. पकड काढताना कोपर भिंतीला लागते का, खाली वाकल्यावर टेस्टर बरगडीत टोचतो का, हे त्या दोन दिवसांत कळते. चामडे कापल्यानंतर ते कळून उपयोग नसतो. उजव्या हाताने काम करत असाल, तर पकड आणि टेस्टर उजव्या बाजूला किंचित पुढे, आणि इन्सुलेशन टेप, खिळे, क्लिपा डावीकडे, अशी मांडणी बहुतेकांना सोयीची पडते. पाठीच्या कण्यावर मात्र काहीही लावू नका. मोटारसायकलवर बसताना ते रुततेच, आणि घोडीवरून पाठीवर पडलात तर तिथली हातोडी फरशीपेक्षा जास्त इजा करील.

माप पॅन्टच्या नंबरावरून देऊ नये. कामाचे कपडे घालून, नमुन्याच्या खिशांत सगळी हत्यारे भरून, पट्टा कमरेच्या हाडांवर जिथे स्थिरावतो तिथला घेर मोजावा. हा घेर म्हणजे बक्कलच्या घडीपासून मधल्या भोकापर्यंतचे अंतर. मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक इंचावर दोन किंवा तीन भोके ठेवली, की उन्हाळ्यातला पातळ शर्ट आणि थंडीतला स्वेटर दोन्ही सामावतात. घेर ३६ इंच असेल, तर बक्कलची घडी आणि पुढची जीभ धरून ४६ इंचांच्या आसपास सलग पट्टी लागेल. रुंदी २ इंच आणि जाडी सुमारे ४ मिलिमीटर असावी; खिशांना २ ते अडीच मिलिमीटर पुरते.

चामड्याच्या बाबतीत आपले कारागीर अनोळखी मुलखात नाहीत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली आणि सातारा यांच्या बरोबरीने सोलापूर जिल्हाही आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले म्हशीचे चामडे या चपलांच्या कामात जुने आहे, आणि पट्ट्यालाही तेच हवे, कारण ते ताठ राहते आणि ओझ्याने लोंबत नाही. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले चामडे मऊ असते. ते खिशांच्या बाजूंना चालेल, मुख्य पट्टीला नको. ओळखण्यासाठी कापलेली कड पाहावी. वनस्पतीने कमावलेले चामडे आतपर्यंत तपकिरी दिसते, क्रोमच्या चामड्यात बहुधा निळसर-करडी झाक असते. पट्टी पाठीच्या भागातूनच कापायला सांगा; पोटाकडचे चामडे वर्षभरात ताणते आणि मग भोके कमी पडू लागतात.

आता आपल्या उसवलेल्या शिवणीकडे वळू. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेला असतो, त्यामुळे एक टाका तुटला की शेजारचे सैल पडत जातात. आरीने भोक पाडून, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून, दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून ओढलेली हातशिवण अशी सरसर उसवत नाही. खिशाच्या तोंडाशी दोन्ही कोपऱ्यांवर तांब्याचे किंवा पितळेचे रिवेट मारून घ्या. लोखंडाचे नकोत, कारण साल-हिरड्याने कमावलेले चामडे घामाने ओलावले, की लोखंडाभोवती काळे डाग पडतात. स्क्रू ड्रायव्हरचा खिसा तळाशी दुहेरी असावा आणि त्याला बोटाएवढे भोक ठेवावे, म्हणजे भिंतीला खाचा पाडताना आत साचलेली सिमेंटची भुकटी तिथून गळून जाते.

पकडीचा खिसा घट्ट बसवायचा असेल, तर शिवलेला खिसा पाण्यात भिजवून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पकड आत घालून, लाकडी ठोकळ्याच्या गोल कडेने चामडे तिच्या अंगाबरोबर दाबत जावे आणि सावलीत वाळू द्यावे. आपल्याकडचे मे महिन्याचे ऊन मोह घालते, पण त्या उन्हात वाळवलेले चामडे कडक होऊन तडकते.

प्रश्न : वडील सुतारकाम करतात. त्यांच्या चामडी पट्ट्यावर पावसाळ्यात पांढरी बुरशी येते. तेल किती लावावे?

उत्तर : आधी बुरशी कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसावी आणि पट्टा वाऱ्यावर टांगावा. तेल वर्षातून दोनदा, तेही फडक्यावर चार थेंब एरंडेल घेऊन, पुरेसे आहे. जास्त तेलाने पट्टी लुळी पडते. स्वयंपाकाचे गोडेतेल लावू नये. ते पुढे खवट वास मारते. रात्री पट्टा हत्यारांसकट गुंडाळून पेटीत टाकण्याची सवय असेल, तर आधी ती मोडा, कारण ओलसर चामड्यात रंध्याचे पाते आणि पटाशी दोन्ही गंजतात.

प्रश्न : अशाच पट्ट्याला मजबूत कडी लावून उंचावर काम करताना दोर बांधला तर चालेल का?

उत्तर : नाही. पडणाऱ्या माणसाचा झटका कमरेवर बसला, तर पट्टा टिकला तरी कंबर आणि पोटातले अवयव टिकतीलच असे नाही. त्यासाठी खांदे आणि मांड्यांवरून जाणारा, आयएस ३५२१ हे भारतीय मानक छापलेला पूर्ण अंगाचा हार्नेस वेगळा घ्यावा. हत्यारांचा पट्टा त्याच्यावरून बांधता येतो, मात्र मापाच्या वेळी हार्नेसही अंगावर असू द्या, नाहीतर बक्कल एक भोक पुढे लागते.