शिक्का वर, मोर्तब खाली

वेंगुर्ल्याहून एका वाचकांनी विचारलंय: ‘शिक्कामोर्तब’मधला शिक्का कळतो, पण मोर्तब म्हणजेही शिक्काच असेल तर एकाच वस्तूला दोन शब्द कशाला? ही ‘बाजारहाट’सारखी जोडी आहे का? आणि राज्य शासनाच्या मुद्रेवरचं संस्कृत शिवरायांचंच का?

जोडी तशी नाही. बाजार आणि हाट एकच, पण इथे शिक्के खरोखरच दोन, आणि त्यांच्या जागाही दोन. पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा उठवायची, आणि मजकूर संपला की त्याला लागूनच दुसरा, लहान शिक्का. ते मोर्तब. शिवरायांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं आहेत, म्हणजे पत्राची हद्द इथवर. पेशव्यांच्या मोर्तबावर तर सरळ ‘लेखनसीमा’. त्याखाली मागाहून कुणी चार ओळी घुसडल्या तर ताबडतोब उघडं पडावं. चेकवर रकमेपुढे ‘फक्त’ लिहून आपण रेघ ओढतो, त्यातलाच प्रकार.

शब्द मूळचा अरबी, ‘मुरत्तब’, म्हणजे नीट लावलेलं; आपल्याकडे आला फारसीवाटे. जुन्या कागदांत ‘मोर्तब सूद’ दिसतं, त्यातलं सूद म्हणजे फारसी ‘शुद’, ‘झालं’. मुद्रेवरचा श्लोक संस्कृत आणि ती उठवण्याच्या कामाचा शब्द फारसी, असा हा मामला. (मोहोर हाही शिक्क्यासाठीचा फारसी शब्द. पण देवगडात मोहोर म्हणालात तर माणसं कलमांकडे बघतील. तो मोहोर निराळा, संस्कृत ‘मुकुला’तून आलेला.)

आता राज्याची मुद्रा. मध्ये समई, भोवती सोळा पाकळ्यांचं कमळ, आणि श्लोक जवळजवळ तोच. शिवरायांच्या अष्टकोनी मुद्रेवर आहे:

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥

राज्याने ‘शाहसूनोः शिवस्यैषा’ एवढंच काढून तिथे ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ बसवलं. बोटांवर मोजून पाहा: आठ अक्षरं गेली, आठच आली. अनुष्टुभ छंदाला धक्का नाही. ज्याने कुणी हे केलं त्याचा कान पक्का होता. शहाजीपुत्र शिवाची मुद्रा राज्याची झाली, बाकीचा श्लोक जागचा हलला नाही.

‘प्रतिपच्चंद्रलेखा’, म्हणजे पाडव्याची चंद्रकोर, समजायला किनाऱ्यावरच्या माणसाला टीपेची गरज नाही. अवसेनंतर आपण समुद्रावर शोधतो ती बीजेची कोर; पाडव्याची त्याच्या आदल्या दिवशीची, दिसलीच तर केसाएवढी, आणि सूर्यामागोमाग पाण्यात बुडते. मुद्रेने निवडली ती हीच, सगळा पंधरवडा वाढायचा बाकी असलेली.

आणि वापराचं म्हणाल, तर ‘शिक्कामोर्तब झालं’ हे निर्णय शेवटास गेल्यावरच लिहावं. परवा एका बातमीत ‘प्राथमिक शिक्कामोर्तब’ वाचलं. माथ्यावरचा शिक्का पडला, मोर्तब राहिलं, असंच काहीतरी म्हणायचं असेल त्यांना.