नदीकाठची बाग आणि गहाण पडलेले वावर

वर्धा नदीच्या काठावरील तालुक्याच्या एका गावातून एका वडिलांचे सविस्तर पत्र आले आहे. त्यांची मुलगी बारावी विज्ञान शाखेत शिकते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवणीसाठी रोज एसटीने ये-जा करते. शिकवणीचे शुल्क भरण्यासाठी त्यांनी दोन एकर वावर गहाण टाकले आहे. मुलीने सिव्हिल इंजिनिअर व्हावे आणि पुढे कनिष्ठ अभियंत्याची परीक्षा द्यावी, असे त्यांनी ठरवले आहे. मात्र गावातील नदीकाठी उद्यान होणार असल्याचे जाहीर झाल्यापासून मुलगी त्या उद्यानाचे स्वतःचे नकाशे काढत बसते, चाचणी परीक्षेत गणिताला 100 पैकी 58 गुण पडले, आणि वडिलांनी तिची चित्रवही कपाटात कुलूपबंद केली. पुरावा म्हणून त्या वहीतील दोन पानांच्या छायाप्रती त्यांनी पत्रासोबत जोडल्या असून, ‘बाग करणे हे माळ्याचे काम आहे, तिची समजूत घाला’ अशी विनंती केली आहे.

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातील 58 गुणांची मला फारशी चिंता वाटली नाही. पत्राच्या मध्यावर आपण सहज लिहून गेलेल्या एका वाक्याची मात्र वाटली. ‘वावर तुझ्यासाठी गहाण आहे, हे मी तिला रोज आठवण करून देतो म्हणजे ती भानावर राहील,’ असे आपण लिहिले आहे. आपल्या भागात कर्ज म्हणजे काय हे घरातल्या लहान लेकरालाही कळते. त्यासाठी त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. पहाटे उठून एसटी पकडणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीला ते दिवसातून एकदा ऐकवल्याने ती भानावर राहत नाही, ती फक्त बोलायची बंद होते. आपले पत्र तीन पानी आहे आणि त्यात आपल्या मुलीने स्वतः म्हटलेले एकही वाक्य नाही. ती काय म्हणते, तिला काय हवे आहे, चाचणीच्या दिवशी काय झाले, यातले काहीच नाही. ती काही सांगत नाही अशी आपली तक्रार आहे; पण ज्या घरात प्रत्येक संभाषण गहाणखतापाशी येऊन थांबते, तिथे तिने सांगायचे तरी काय?

कर्ज काढण्याचा निर्णय आपला होता, तो मोठ्या माणसाचा निर्णय होता आणि प्रेमापोटी घेतलेला होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु त्याची परतफेड ही आपली आणि सावकाराची किंवा बँकेची बाब आहे, मुलीच्या गुणपत्रिकेची नाही. यापुढे वावराचा विषय तिच्यासमोर काढायचा असेल, तर तो हिशेब म्हणून काढावा, म्हणजे किती रक्कम, किती व्याज आणि कोणत्या पिकावर किती फिटेल, असा. धाक म्हणून काढू नये. हिशेब ऐकलेली मुले जबाबदार होतात आणि धाक ऐकलेली मुले खोटे बोलायला शिकतात, हे मी या कामात पुष्कळदा पाहिले आहे.

आता पुराव्याकडे वळतो, कारण आपण जो पुरावा तिच्याविरुद्ध म्हणून पाठवला, तो मला तिच्या बाजूचा वाटला.

पहिल्या पानावर नदीचा आडवा छेद काढलेला आहे. त्यावर तीन रेषा आहेत. सर्वांत खालच्या रेषेवर ‘दरवर्षीचे पाणी’, मधल्या रेषेवर ‘मोठा पूर’ आणि सर्वांत वरच्या रेषेवर ‘आबाजींनी दाखवलेला पूर’ असे लिहिले आहे. म्हणजे ती मंदिराच्या पायरीपाशी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेली आणि पाणी कुठवर आले होते ते विचारून तिने खूण केली. खालच्या पट्ट्यात तिने काहीही बांधलेले नाही. तिथे गवत, पायऱ्या आणि मोकळी जागा आहे. धुण्याचे दगड जिथे आहेत तिथेच ठेवले आहेत, पोळ्याला बैल धुवायला नेण्याची उतरण राखली आहे, आणि पलीकडच्या रेतीत ‘डांगरवाडी, हात लावू नये’ असे बारीक अक्षरात लिहिले आहे. उन्हाळ्यात त्या रेतीवर टरबूज-डांगर पिकवणाऱ्या कुटुंबांची आठवण ठेवून कोणी उद्यानाचा आराखडा केल्याचे मी सरकारी नकाशांतही क्वचितच पाहिले आहे.

‘बाग हे माळ्याचे काम’ या समजुतीविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ही समजूत केवळ आपली नाही. नदीकाठचे उद्यान हे आधी पाण्याचे काम असते आणि मग झाडांचे. आपल्या राज्यात जलसंपदा विभाग नद्यांच्या काठाने निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या पट्ट्यात इमारती बांधायला मनाई असते, उद्याने आणि क्रीडांगणे यांसारख्या मोकळ्या वापराला तिथे वाव असतो. आपल्या मुलीने शेजाऱ्यांना विचारून ज्या रेषा काढल्या, त्यांचेच हे शास्त्रीय रूप आहे. आणि ‘25 वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की पुढची 25 वर्षे निर्धास्त, असा नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता 4 टक्के असते, आणि 25 वर्षांच्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे 64 टक्के होते. म्हणून असे उद्यान बुडणार हे गृहीत धरूनच करावे लागते. कोणता भाग किती वेळा बुडेल, पाणी ओसरल्यावर गाळ कुठे साठेल, तो कोण काढेल, लोक पाणी चढण्यापूर्वी कोणत्या वाटेने वर येतील, हे ठरवणारा व्यवसाय म्हणजे लँडस्केप आर्किटेक्चर. माळ्याच्या कामाला मी कमी लेखत नाही; अशा उद्यानात चांगला माळी नसेल तर सगळा आराखडा दोन पावसाळ्यांत वाया जातो. पण माळी आणि आराखडाकार यांची कामे वेगळी आहेत, आणि दुसऱ्याच्या शिक्षणाला बरीच वर्षे लागतात.

सिंगापूरमध्ये बिशान-आंग मो किओ नावाचे 62 हेक्टरचे उद्यान आहे. तिथे कलांग नदीला पूर्वी सिमेंटच्या सरळ नालीत कोंडलेले होते. ती 2.7 किलोमीटरची नाली फोडून सुमारे 3 किलोमीटरचे वळणदार पात्र तयार केले गेले, काठ सिमेंटऐवजी झाडांच्या मुळांनी आणि दगडांनी धरले गेले, आणि 2012 मध्ये उद्यान लोकांसाठी खुले झाले. एरवी मुले पाण्यात उतरतात. जोराचा पाऊस झाला की पाण्याची पातळी मोजणारी उपकरणे भोंगे आणि दिवे चालू करतात आणि लोक वर येतात. चीनमधील जिन्हुआ शहरातील यानवेईझोऊ उद्यानात पूर अडवणारी सिमेंटची भिंत काढून टाकून तिच्या जागी पायऱ्यापायऱ्यांचे हिरवे काठ केले गेले, आणि पुराने आणलेला गाळच तिथल्या गवताचे खत होतो. ते उद्यान ज्यांनी केले ते कोंगजियान यू शेतकऱ्याच्या घरात जन्मले होते आणि शेतांच्या बांधबंदिस्तीतून आपण हे शिकलो असे ते सांगत असत. 2025 मध्ये ब्राझीलमधील विमान अपघातात त्यांचे निधन झाले. हे उल्लेख परदेशाचे कौतुक म्हणून केलेले नाहीत. वावरात पाणी कुठे थांबते आणि कुठून वाहून जाते हे ज्या घरात तीन पिढ्या पाहिले गेले आहे, त्या घरातील मुलीला या विषयाची जाण असणे मुळीच आश्चर्याचे नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

आपण पत्रात कंत्राटदार असलेल्या एका नातेवाइकाचा दाखला देऊन लिहिले आहे की, ‘खरे काम’ म्हणजे गावात होऊ घातलेले काम: काठाने सरळ सिमेंटची भिंत, पेव्हर ब्लॉक, कारंजे आणि ‘आय लव्ह’ लिहिलेली मोठी रंगीत अक्षरे, ‘साबरमतीसारखे’. साबरमतीचा प्रकल्प अहमदाबादच्या मध्यातील नदीला सुमारे 263 मीटरच्या एकसारख्या रुंदीत भिंतींनी बांधून उभा आहे आणि त्यात दिसणारे पाणी मुख्यतः नर्मदेच्या कालव्यातून येते. तो चांगला की वाईट हा वाद मोठा आहे. पण आपल्या गावाजवळून ना असा कालवा जातो, ना आपल्या नगरपंचायतीजवळ तसा पैसा आहे. आणि वर्धेचे पाणी काय करू शकते हे आपल्या पिढीला कोणी सांगण्याची गरज नाही. 30 जुलै 1991 रोजी याच नदीच्या पुराने मोवाड गावात दोनशेहून अधिक माणसे नेली. अगदी अलीकडे, 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेने भंडारा शहरात पाणी घातले आणि सप्टेंबर 2023 मध्ये एका रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलाव भरून वाहिला व नागपुरातील वस्त्यांमध्ये नाग नदी शिरली. अशा नदीच्या काठावर कारंजे बसवणाऱ्या माणसाला व्यवहारी म्हणायचे आणि पायरीवरची पुराची खूण शोधणाऱ्या मुलीला वेडी म्हणायचे, हे मला पटत नाही.

प्रवेशाचे मार्ग आपल्याला ठाऊक असतीलच, म्हणून थोडक्यात सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असल्यास नाटा ही वास्तुशास्त्राची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा दुसरा पेपर देऊन बी.आर्क. या वास्तुशास्त्राच्या पाच वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळतो. नागपूरच्या व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेला जेईईचाच पेपर चालतो. त्यानंतर लँडस्केप हा विषय घेऊन दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण दिल्ली व भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये किंवा अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात करता येते. सिव्हिलसाठीची सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षाही तिने खुशाल द्यावी. सिव्हिल करून जलसंपदा विषयात पुढे गेलेली माणसेही या कामात लागतात आणि तो मार्ग कमी दर्जाचा नाही. सरकारी नोकरीचा आपला आग्रह असेल, तर नगररचना विभागातील सहायक नगररचनाकार या पदासाठी सिव्हिलप्रमाणेच वास्तुशास्त्राची पदवीही चालते.

पैशाविषयी एक गोष्ट आपण तातडीने तपासावी. 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून राज्य शासनाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत दिली आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतंत्र शिष्यवृत्त्या आहेत. व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतल्यास ही सवलत मिळत नाही, तेव्हा कोणी ‘जागा पक्की करून देतो’ म्हणाले तर त्याला दारातूनच परत पाठवावे. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र तहसीलमधून आत्ताच काढून ठेवावे. जूनमध्ये तिथे किती गर्दी असते ते आपण जाणता. वसतिगृह, चित्रसाहित्य, प्रतिकृती आणि संगणक यांचा खर्च मात्र राहतोच, आणि वास्तुशास्त्रात तो सिव्हिलपेक्षा जास्त असतो. पुन्हा एक वर्ष शिकवणी लावण्यासाठी उरलेले वावर गहाण टाकण्याचा विचार आपण पत्राच्या शेवटी मांडला आहे. तो कृपया सोडून द्यावा.

यापुढचे मी आपल्या मुलीसाठी लिहितो आहे. ते तिला वाचायला द्यावे, वहीसह.

बेटा, तुझा आराखडा चांगला आहे, पण त्यात चुकाही आहेत आणि त्या तुला कोणीतरी सांगायला हव्यात. खालच्या पायऱ्यांवर तू विजेचे दिवे दाखवले आहेस. पहिल्याच पुरात ते जातील आणि त्याआधी एखाद्याचा जीव घेतील. वीज मधल्या रेषेच्या वरच ठेव. वाचनालय आणि स्वच्छतागृह तू वरच्या पट्ट्यात नेलेस हे बरोबर, पण तिथे जाण्याचा रस्ता खालून वर चढतो. पूर आला की वाचनालय कोरडे आणि वाट पाण्यात, असे होईल. दगडी भिंत तू थेट काळ्या जमिनीवर उभी केली आहेस. आपली रेगड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागेल किंवा माती काढून मुरूम भरावा लागेल, आणि भिंतीला पाणी निचरण्यासाठी भोके ठेवावी लागतील. गुलमोहर काठावर नको, त्याची मुळे उथळ असतात. खाली वाळा, लव्हाळा आणि वाळुंज, त्याच्या वर करंज, अर्जुन, जांभूळ आणि उंबर, असा विचार कर. पुराच्या खुणा तू नजरेने वहीत उतरवल्या आहेस. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन मंदिराच्या पायरीपासून त्यांची खरी उंची मोज. हे काम पाणी उतरल्यावर, दिवसा आणि घरच्या मोठ्या माणसासोबत करायचे. आणि हे सारे बारावीची परीक्षा झाल्यावर. 58 गुणांत समाधान मानू नकोस. वर मी पुराची 64 टक्के शक्यता लिहिली आहे, ती कशी आली ते कागदावर मांडून पाहा. संभाव्यतेचा धडा तुझ्या अभ्यासक्रमात आहे.

भाऊ, शेवटी आपल्या एका प्रश्नाचे उत्तर राहिले: ‘हे शिकून ती गावाकडे काम करू शकेल काय?’ लगेच नाही. पदवीनंतरची पहिली काही वर्षे तिला नागपूर, पुणे किंवा आणखी दूरच्या एखाद्या कार्यालयात थोड्या पगारावर काढावी लागतील, आणि तो पगार आपल्या नातेवाइकांच्या मुलांच्या पगाराशी ताडून पाहिला तर आपली निराशा होईल. लग्नाचा विषय मध्येच काढून ती वर्षे तोडू नयेत. पुढे लहान नगरपंचायतींना अशा कामासाठी सल्लागार लागतात, ते आज बहुतेक बाहेरून येतात, एक दिवस थांबतात आणि नदीचे उन्हाळ्यातले पात्र पाहून आराखडा करून जातात. त्या कामासाठी आपल्या मुलीने अर्ज केला तर तिला ते मिळेलच याची हमी मी देत नाही; निविदा कशा निघतात हे आपल्या कंत्राटदार नातेवाइकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.